डॉक्टर मॅथ्यू बेली

आरोग्यशास्त्राच्या तासास हृदय कोठे असते असा प्रश्न आम्ही वर्गात घातला म्हणजे सर्व मुलांचे हात एकदम छातीच्या डाव्या बाजूस जातात. पुस्तकातही तसेच छापलेले आहे व डॉक्टर आपली नळी लावतात तीही तेथेच. परंतु सुमारे दहा हजार माणसांत एखादे माणूस असे निपजते की त्याचा हात उजव्या बाजूस जावयास पाहिजे. आरशातील प्रतिबिंबात उजव्याचे डावे व्हावे, त्याप्रमाणे त्याच्या देहातील सर्व इंद्रियांची मांडणी उलट झालेली असते. हृदयाचे टोक उजवीकडे वळलेले, यकृत डाव्या कुशीत, जठर व प्लीहा उजव्या कुशीत. उजव्या फुप्फुसाचे नेहमी तीन भाग असावयाचे व डाव्याचे दोन, तेही उलटलेले. आणि नवल हे की, अशा माणसास बहुधा ह्याची वार्ताही नसते. तो तुम्हांआम्हांसारखाच जेवतो, खेळतो, काम करतो आणि म्हातारा होतो.

अशा एका देहाचे काळजीपूर्वक वर्णन करून ज्यांनी ते १७८८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध केले, त्या डॉक्टर मॅथ्यू बेली यांचे चरित्र आम्ही येथे सांगणार आहोत. एके काळी लंडन शहरात त्यांचे नाव माहीत नाही असे सुशिक्षित घर सापडणे कठीण होते. आज त्यांस मुख्यत्वेकरून वैद्यकीचे विद्यार्थीच ओळखतात. परंतु त्यांच्या आयुष्यात आमच्या मुलामुलींनी व त्यांच्या आईबापांनी पाहण्यासारखे पुष्कळ आहे. आणि ते सारेच काही वैद्यकीचे नाही.

मॅथ्यूचा जन्म स्कॉटलंड देशातील लॅनार्कशायर परगण्यात शॉट्स नावाच्या गावी, पाळकांच्या बंगल्यात, २७ ऑक्टोबर १७६१ रोजी झाला. वडील रेव्हरंड जेम्स बेली हे तेथील मंडळीचे पाळक होते. पुढे ते ग्लासगो विद्यापीठात ईश्वरविज्ञानाचे प्राध्यापक झाले. आई डोरोथिया ही हंटर घराण्यातील. मॅथ्यूस अॅग्नेस व जोआना अशा दोन बहिणी होत्या. त्यांपैकी जोआना पुढे कवयित्री व नाटककार म्हणून फार प्रसिद्धीस आली. घरात शिस्त कडक, बोलणे मोजके, पैसा बेताचा. पाळकांच्या घरी वाढलेल्या आमच्या कित्येक वाचकांस ह्याहून अधिक वर्णनाची गरज नाही.

१७७८ साली वडील वारले. प्राध्यापकाच्या पगारात शिल्लक ती काय राहणार? आई व दोन बहिणी ह्यांस राहावयास घरही उरले नाही. तेव्हा मामा धावून आले. मॅथ्यूचे थोरले मामा डॉक्टर विल्यम हंटर हे लंडनात राणीचे वैद्य होते व त्यांनी अमाप कीर्ती व धन मिळविले होते. त्यांनी बहिणीस व भाच्यांस लाँग काल्डरवुड येथील आपल्या वडिलार्जित घरात राहावयास दिले. ही हंटर घराण्याची लहानशी शेतीवाडी होती. विल्यम व त्यांचे धाकटे बंधू जॉन ह्यांचे जन्म तेथेच झाले होते व मॅथ्यूच्या आईचेही ते माहेरच. ह्या घराची आठवण वाचकांनी मनात ठेवावी. पुढे तिची गरज पडणार आहे.

मॅथ्यू हुशार होता. १७७९ साली त्यास शिष्यवृत्ती मिळून तो ऑक्सफर्ड येथील बॅलियल कॉलेजात गेला. पुढील वर्षापासून तो लंडनास ग्रेट विंडमिल स्ट्रीटवरील विल्यममामांच्या घरी राहून शरीररचनेचे शिक्षण घेऊ लागला. हे घर म्हणजे नुसते घर नव्हते. त्यात व्याख्यानाची खोली होती, शवच्छेदनाची खोली होती आणि मामांनी जन्मभर जमविलेले नाणी, ग्रंथ, चित्रे व शारीरिक नमुने ह्यांचे मोठे संग्रहालय होते. येथे मुले पुस्तकातून नव्हे, तर प्रत्यक्ष देहावरून शिकत. मामा मोठे व्याख्याते होते. भाच्यास ती वक्तृत्वाची देणगी नव्हती. तो ठेंगणा, साधा, बोलण्यात स्कॉच हेल असलेला असा मुलगा होता. पण जे सांगावयाचे ते इतके स्वच्छ सांगे की ऐकणाराच्या मनात संशय राहत नसे. शिक्षकाच्या धंद्यात वीस वर्षे घालविल्यावर आम्हांस तर ही दुसरी देणगीच अधिक मोलाची वाटते.

धाकटे मामा जॉन हंटर हे शस्त्रवैद्य. त्यांच्या तोडीचा शोधक त्या काळी इंग्लंडात नव्हता. परंतु ह्या दोघा भावांचे वितुष्ट आले होते. आईच्या उदरात गर्भाचे पोषण करणाऱ्या वारेतील रक्ताभिसरण प्रथम कोणी शोधून काढले, ह्याविषयी १७८० साली दोघांचा रॉयल सोसायटीपुढे वाद झाला व बोलणेचालणे तुटले. शोधाच्या मानासाठी एका आईची दोन मुले परस्परांस पारखी व्हावीत, ही गोष्ट विद्येच्या इतिहासात काही थोड्याच वेळा घडलेली नाही.

३० मार्च १७८३ रोजी विल्यम हंटर वारले. मृत्युपत्र उघडले तेव्हा असे दिसले की, त्यांनी शाळा, घर व तीस वर्षांपर्यंत संग्रहालयाचा उपयोग भाच्यास दिला होता. तीस वर्षांनंतर ते संग्रहालय ग्लासगो विद्यापीठाकडे जावयाचे होते. लाँग काल्डरवुडची वडिलार्जित जमीनही भाच्यासच दिली होती. सख्ख्या भावाचे नाव वारसांत नव्हते.

मॅथ्यूचे वय तेव्हा एकवीस. हाती वैद्यकीची पदवी नाही, रोगी नाहीत, डोक्यावर आई व दोन बहिणींचा भार. आणि त्या तिघी त्याच जमिनीवरच्या घरात राहत होत्या. कायदा सर्वस्वी त्याच्या बाजूस होता. जॉनमामांनी काही मागितले नव्हते व त्यांच्या स्वभावास ते मागणे शोभलेही नसते. मात्र आपल्या संग्रहाच्या पायी त्यांस सदैव पैशाची ओढ होती. मॅथ्यूने विचार केला की, मामा वारले तेव्हा भावावर रागावलेले होते. राग नसता तर बापाची जमीन भावाकडेच गेली असती. तेव्हा रागात लिहिलेल्या कागदाच्या जोरावर ती आपण ठेवणे बरे नव्हे. आणि त्याने ती जमीन जॉन हंटर यांच्या स्वाधीन केली. आई व बहिणी थोड्याच काळात लंडनास येऊन विंडमिल स्ट्रीटवरील घरात त्याच्यापाशी राहू लागल्या.

जमिनीच्या वाटणीवरून चुलतभावांचे, नव्हे सख्ख्या भावांचे दावे कोर्टात वर्षानुवर्षे कसे चालतात, हे आमच्याकडील पालकांस सांगण्याची आवश्यकता नाही. ह्या एकवीस वर्षांच्या मुलाने कोणताही वकील न लावता, कोणी न सांगता हा निर्णय केला. आम्हांस ही गोष्ट त्यांच्या पुढील सर्व ग्रंथांहून मोठी वाटते; अर्थात वैद्यलोक आमच्याशी सहमत होतील असे नाही.

मामांचे सहकारी क्रुइकशँक ह्यांच्याबरोबर बेली आता त्याच शाळेत शिकवू लागले. १७८७ साली त्यांची सेंट जॉर्जेस इस्पितळात वैद्य म्हणून नेमणूक झाली. ह्याच सुमारास एके दिवशी शवच्छेदनासाठी एका पुरुषाचे प्रेत शाळेत आले. वय सुमारे चाळीस, मध्यम उंचीहून किंचित उंच, बांधा चपळ व नीटस. छाती व पोट उघडताच सगळी मांडणी विपरीत दिसली. एखादे इंद्रिय थोडे सरकलेले अनेकदा सापडते. परंतु येथे छातीतील व पोटातील सर्वच इंद्रियांची अदलाबदल होती, आणि ती अशी की प्रत्येकाचा दुसऱ्याशी असलेला संबंध मात्र बिनचूक राखलेला. घाईने पाहणाऱ्यास हे एक कौतुक वाटले असते व दोन दिवसांत तो विसरला असता. बेलींनी एकेक इंद्रिय, एकेक रक्तवाहिनी नेहमीच्या ठेवणीशी ताडून पाहिली आणि लिहून काढली. त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली, तिचे आम्हांस विशेष कौतुक वाटते. हा मनुष्य डावखुरा होता काय? हे विचारावयाचे कोणास? त्यांनी प्रेताचे दोन्ही हात तपासले. उजवा हात डाव्यापेक्षा भरदार व कठीण होता. तेव्हा आतील सर्व उलट असूनही तो मनुष्य उजव्या हातानेच काम करीत असे, हे त्यांनी ताडले. हृदयाच्या बाजूवरून माणूस उजवा की डावखुरा हे ठरते, ह्या समजास तेथे धक्का बसला.

ह्या प्रसंगाची एक काळी बाजू आहे, ती झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. त्या काळच्या इंग्रजी कायद्याप्रमाणे फाशी गेलेल्या खुन्यांचीच प्रेते शवच्छेदनास मिळत आणि ती फार थोडी असत. म्हणून शरीरशास्त्राच्या शाळांस लागणारी बाकीची प्रेते रात्रीच्या वेळी कबरी उकरून आणणारे लोक विकीत. सर्वांस हे ठाऊक होते आणि सर्व त्याकडे कानाडोळा करीत. गरिबांच्याच कबरी उकरल्या जात, कारण श्रीमंतांच्या कबरींवर पहारे असत. १८३२ साली नवा कायदा होईपर्यंत हा प्रकार चालू होता. ह्या चाळीस वर्षांच्या माणसाविषयी बेली इतकेच लिहितात की, तो नेहमीच्या रीतीने शाळेत आणला गेला. त्याचे नाव लिहिलेले नाही. त्याची बायकोमुले होती काय, त्यास कोणत्या मंडळीने मूठमाती दिली, काहीच कळत नाही. स्वतःच्या छातीत काय अपूर्व ठेवले आहे हे तो न कळताच जगला व मेला. आणि त्याच्या देहापासून जग जे शिकले, त्याची परवानगी कोणी त्यास विचारली नाही. पाळकाच्या घरी वाढलेल्या बेलींच्या मनास हे कधी टोचले असेल काय, असा प्रश्न आमच्या मनात येतो.

त्या काळी अशी मांडणी मरणानंतरच कळत असे. छातीस लावावयाची नळी १८१६ सालची व क्ष-किरण १८९५ सालचे. आता छातीचे चित्र काढताना ती एकदम उघडकीस येते. पुष्कळदा चित्र उलटे धरले असावे असेच प्रथम वाटते. ही नुसती मौज नव्हे. आंत्रपुच्छाचा दाह झाला तर पोट उजवीकडे दुखावयाचे. अशा माणसाचे ते डावीकडे दुखते व वैद्य फसतो. १९३३ साली कार्टागेनर नामक डॉक्टरांनी दाखविले की, अशा माणसांपैकी काहींस फुप्फुसाचा व नाकाच्या पोकळ्यांचा चिवट विकारही असतो. ह्याचे कारण सूक्ष्म केसांत आहे. श्वासनलिकेतील कफ पुढे लोटणारे बारीक केस त्यांच्यात नीट हलत नाहीत. आणि गर्भात अगदी आरंभीच्या दिवसांत तशाच केसांच्या गरगर फिरण्याने एक प्रवाह उत्पन्न होऊन देहास डावे-उजवे कळते, असे १९९८ साली जपानातील संशोधकांनी उंदराच्या गर्भावरून दाखविले. केस हलले नाहीत म्हणजे डावे-उजवे दैवावर सोडल्यासारखे होते. दाविदाने आपल्या घडणीविषयी परमेश्वराची जी स्तुती गायिली आहे, ती हे वाचताना आम्हांस आठवली.

सर्वांत बिकट प्रसंग येतो तो अशा माणसाचे हृदय निकामी झाल्यावर. एका माणसाचे हृदय दुसऱ्यास बसविण्याची शस्त्रक्रिया ३ डिसेंबर १९६७ रोजी केप टाउन येथे डॉक्टर ख्रिस्तियान बार्नार्ड ह्यांनी प्रथम केली. तेही एका मिशनरी पाळकाचेच चिरंजीव. तो रोगी अठरा दिवस जगला. पुढे दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९६८ मध्ये, आमच्या मुंबईस के. ई. एम. इस्पितळात डॉक्टर प्रफुल्लकुमार सेन ह्यांनीही हा प्रयत्न केला, परंतु रोगी वाचला नाही. दिल्लीस १९९४ साली डॉक्टर वेणुगोपाल ह्यांच्या हातून भारतात ही शस्त्रक्रिया यशस्वी झाली. आता विचार करा. मेलेल्या दात्याचे हृदय मिळावयाचे ते नेहमीच्या ठेवणीचे. त्यात अंगातील अशुद्ध रक्त आणणाऱ्या दोन मोठ्या शिरा उजवीकडून शिरतात. घेणाऱ्याच्या देहात त्याच शिरा डावीकडून येतात. उजव्या पायाचा जोडा डाव्या पायात घालण्यापैकी हा प्रकार! काही शस्त्रवैद्य दात्याच्या शिरा लांबच लांब राखून कापून घेतात, म्हणजे त्या दुसऱ्या बाजूपर्यंत पोहोचतात. काही घेणाऱ्याच्याच हृदयाच्या भिंतीचा उरलेला भाग वापरून डावीकडचे रक्त उजवीकडे नेणारा पाट बांधतात. अशा शस्त्रक्रिया आता यशस्वी झालेल्या आहेत. परंतु कोणती शीर कोठून कोठे जाते ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे नसता कोणीही सुरी हाती धरली नसती. आणि असे नकाशे काढण्याची शिस्त विंडमिल स्ट्रीटसारख्या शाळांतूनच वैद्यांच्या अंगी बाणली.

बेलींचे मुख्य कार्य त्यानंतरचे. रोगाने देहात नक्की काय बिघडते, हे त्या काळी वैद्य बहुधा तर्कानेच सांगत. बेलींनी इस्पितळात मेलेल्या रोग्यांचे देह व मामांच्या संग्रहातील नमुने तपासून १७९३ साली रुग्णदेहाच्या रचनेवर एक ग्रंथ लिहिला. इंग्रजीत ह्या विषयाचा स्वतंत्र व पद्धतशीर असा हा पहिलाच ग्रंथ. रोग्याची कहाणी बाजूस ठेवून त्यांनी हृदय, फुप्फुस, जठर, यकृत असे एकेक इंद्रिय घेतले आणि ते बिघडले म्हणजे कसे दिसते ते सांगितले. दारू फार पिणाऱ्यांचे यकृत गाठाळ व कठीण होते, हे त्यांनी त्यात नमूद केले आहे. दारूबंदीच्या सभेत हा दाखला आम्ही कधी ऐकला नाही, तो तेथे खुशाल द्यावा. ग्रंथाची जर्मन व इतर भाषांत भाषांतरे झाली. पुढे १७९९ पासून त्यांनी चित्रांचे भाग काढले. त्यांतील एका फुगलेल्या फुप्फुसाचे चित्र प्रसिद्ध कोशकार डॉक्टर जॉन्सन ह्यांच्या फुप्फुसाचे आहे असे मानतात. चित्रे काढली विल्यम क्लिफ्ट नावाच्या तरुणाने. हा गरिबाचा मुलगा जॉनमामांकडे उमेदवार म्हणून राहिला होता.

त्याच १७९३ सालच्या ऑक्टोबर महिन्यात जॉन हंटर सेंट जॉर्जेस इस्पितळातील एका सभेत वाद चालू असता एकाएकी कोसळले व गतप्राण झाले. घरात कर्ज आणि हजारो नमुने, एवढेच उरले. मृत्युपत्राची व्यवस्था पाहणाऱ्या दोघांपैकी एक बेली होते. सहा वर्षे त्यांनी व त्यांच्या सोबत्याने सरकारदरबारी खटपट केली. तोवर क्लिफ्ट आठवड्यास सात शिलिंगांवर एकटा तो संग्रह राखीत बसला होता. शेवटी १७९९ साली सरकारने तो पंधरा हजार पौंडांस घेतला. ज्या मामांस जमीन परत दिली, त्यांच्या जन्माचे काम विखरू नये म्हणूनही भाचाच उभा राहिला.

१७९१ साली बेलींचे लग्न प्रसिद्ध प्रसूतिवैद्य डेनमन ह्यांच्या कन्येशी झाले होते. शतकाच्या अखेरीस त्यांनी शिकविणे व इस्पितळ दोन्ही सोडली, कारण खाजगी रोग्यांची इतकी गर्दी झाली की दिवसाचे सोळा सोळा तास कामात जाऊ लागले. इतिहासकार गिबन ह्यांच्या शेवटच्या दुखण्यात ते होते. लहानग्या बायरनचा अधू पाय त्यांनी पाहिला. तिसऱ्या जॉर्ज राजाच्या बुद्धिभ्रंशाच्या कठीण वर्षांत ते राजवैद्य होते. राजाने देऊ केलेली सरदारकीची पदवी त्यांनी नाकारली. १८१७ साली राजकन्या शार्लट बाळंतपणात गेली तेव्हाही ते वाड्यात होते. मुख्य प्रसूतिवैद्य क्रॉफ्ट हे त्यांचे साडू. त्या दुःखातून क्रॉफ्ट सावरले नाहीत व पुढच्याच वर्षी त्यांचा करुण अंत झाला.

इतक्या कामाने माणूस चिडखोर व्हावयाचाच, आणि बेली झालेही. म्हणतात की, एका बाईने आपल्या क्षुल्लक दुखण्याची लांबलचक कहाणी त्यांस ऐकविली. ते जिन्यापर्यंत गेले तोच तिने परत बोलावून, आज रात्री नाटकगृहातून आल्यावर मी कालवे खाऊ का, असे विचारले. डॉक्टरांनी तिला कालवे शिंपल्यांसकट खाण्याची परवानगी दिली! आमच्या गावच्या डॉक्टरांनी हा पाठ गिरवू नये. मात्र जे खरोखर आजारी असत त्यांच्याशी ते शांतपणे, साध्या शब्दांत बोलत. आपल्यास काय झाले आहे हे रोग्यास कळावे, अशी भाषा त्या काळी थोडेच वैद्य वापरीत.

मामांचे संग्रहालय तीस वर्षे, म्हणजे १८१३ पर्यंत, बेलींच्या उपयोगासाठी होते. त्यांनी तो काळ पुरा होण्याची वाट पाहिली नाही. १८०७ सालीच ते ग्लासगोस पोहोचून लोकांस खुले झाले व आजही तेथे आहे. स्वतः जमविलेले नमुनेही त्यांनी आपल्या हयातीतच लंडनच्या वैद्यांच्या कॉलेजास देऊन टाकले.

त्यांच्याजवळ सोन्याच्या मुठीची एक काठी होती. ती डॉक्टर रॅडक्लिफ ह्यांच्यापासून पाच वैद्यांच्या हातून एकामागून एक त्यांच्याकडे आलेली. क्षयाने त्यांची प्रकृती ढासळत गेली व ग्लॉस्टरशायरमधील डंट्सबोर्न येथील आपल्या घरी २३ सप्टेंबर १८२३ रोजी ते वारले. तेथेच त्यांस पुरले. वेस्टमिन्स्टर मंदिरात त्यांचा अर्धपुतळा आहे. काठीस सातवा धनी मिळाला नाही. ती पुढे कोणा वैद्यास न देता बेलींच्या पत्नीने वैद्यांच्या कॉलेजाच्या स्वाधीन केली, आणि ती तेथेच आहे.